ओझोन, यूव्ही की साधा हायपो? सोसायटीच्या टाकीबद्दल आणि एसटीपीबद्दल जरा सविस्तर

प्रश्न थोडक्यात असा आलाय: पुण्याच्या कडेला १८० फ्लॅटची सोसायटी, महापालिकेचं पाणी पुरत नाही म्हणून बोअर आणि टँकर, तिन्ही पाणी एकाच जमिनीखालच्या टाकीत पडतं. वॉचमन रोज सकाळी अंदाजाने मगभर हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे पातळ क्लोरीन) ओततो, वरच्या मजल्यावरचे म्हणतात वास येतो, खालचे म्हणतात काहीच टाकत नाही. आता एका व्हेंडरने "केमिकल फ्री" म्हणून ओझोनचं कोटेशन दिलंय, दुसऱ्याने यूव्हीचं, म्हणजे अतिनील किरणांच्या दिव्याचं. आणि एसटीपीचं (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटचं) पाणी फ्लशला वापरतात त्याला घाण वास येतो म्हणून त्यात हायपो वाढवलाय. काय घ्यावं?

मी २२ वर्षं याच कामात आहे, आधी एका तालुक्याच्या नळयोजनेवर केमिस्ट होतो, नंतर सोसायट्या, हॉस्पिटलं, छोटे कारखाने यांचे प्लांट चालवले. आधी उत्तर सांगतो, मग कारणं. क्लोरीन बंद करू नका, फक्त तो मगाने ओतणं बंद करा. यूव्ही घ्यायचा तर घ्या, पण आधी फिल्टर आणि नंतर क्लोरीन या दोघांच्या मधे. ओझोन तुमच्या टाकीसाठी नको. आणि एसटीपीचा वास हा निर्जंतुकीकरणाचा प्रॉब्लेमच नाहीये, तो हवेचा प्रॉब्लेम आहे, त्यावर खाली लिहितो.

सगळ्यात महत्त्वाचं काय ते एका प्रसंगावरून सांगतो. एका सोसायटीत सात-आठ जणांना कावीळ झाली म्हणून मला बोलावलं. गेलो तर तळघरात चकाचक यूव्ही बसवलेला, दिवा चालू, पॅनेलवर हिरवा लाईट, कमिटी म्हणते सर आमचं पाणी तर एकदम प्युअर आहे. यूव्हीच्या तोंडाशी नमुना घेतला, खरंच स्वच्छ. गच्चीवरच्या टाकीतून घेतला, त्यात ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतला जंतू. झालं असं होतं की गच्चीवरच्या टाकीचं झाकण तुटलेलं, कबुतरांची घाण आत, आणि यूव्हीमधून आलेल्या पाण्यात क्लोरीन शून्य, कारण यूव्ही बसवल्यावर "आता कशाला केमिकल" म्हणून हायपो बंद केलेला. यूव्ही जिथे बसवलाय त्या एका फुटात जंतू मारतो, पुढे त्या पाण्याला कोणी वाली नाही. तळघरात आणखी खणून पाहिलं तर पिण्याच्या टाकीची आणि एसटीपीच्या टाकीची भिंत एकच आणि तिला बारीक तडा, म्हणजे वरून कबुतरं आणि बाजूने सांडपाणी. तुमच्याकडे या दोन टाक्या शेजारी आहेत का ते कुठलंही कोटेशन उघडायच्या आधी बघा. एसटीपीच्या टाकीत रंग टाकायचा, पिण्याची टाकी अर्धी रिकामी करून दोन दिवस भिंतीवर लक्ष ठेवायचं, झिरपलं तर रंग दिसतो.

म्हणून मी कायम विचारतो की शेवटच्या नळाला क्लोरीन किती? आपल्या देशाच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५००, उरलेला मुक्त क्लोरीन लिटरला कमीत कमी ०.२ मिलिग्रॅम सांगितलाय आणि विषाणूंचा धोका असेल तेव्हा ०.५. हा उरलेला क्लोरीन म्हणजे पाण्याबरोबर फिरणारा पहारेकरी, पाईपात कुठे घाण शिरली तर तिथल्या तिथे लढतो, आणि तो संपलेला दिसला तर आपल्याला कळतं की वाटेत काहीतरी खातंय त्याला. ओझोन आणि यूव्हीमध्ये ही सोयच नाही. नेदरलँड्समध्ये नळाला क्लोरीन न ठेवता पाणी देतात हे खरंय, व्हेंडर लोक हे उदाहरण हमखास देतात, पण तिथे पाईप चोवीस तास प्रेशरखाली असतात आणि गळती अगदी कमी. आपल्याकडे दोन तास पाणी येतं आणि बावीस तास पाईप रिकामा, बाजूच्या गटाराचं पाणी आत खेचायला मोकळा.

आता क्लोरीनच. वास येतो म्हणजे क्लोरीन जास्त झाला असं लोकांना वाटतं, बऱ्याचदा उलटं असतं. टँकरच्या पाण्यात अमोनिया असेल तर क्लोरीन त्याला चिकटून क्लोरामाइन बनतं आणि तो डोळ्याला चुरचुरणारा, स्विमिंग पूलसारखा वास त्याचा असतो. अशा वेळी डोस कमी केला की वास राहतो आणि संरक्षण जातं. म्हणून नुसती ओटी टेस्ट करू नका, ते पिवळं द्रावण टाकून "पिवळं झालं म्हणजे आहे" एवढंच बघतात, त्यात मुक्त आणि बांधलेला क्लोरीन सहज वेगळा कळत नाही आणि ते रसायनही हाताळायला चांगलं नाही. डीपीडीचं किट घ्या, गुलाबी रंग येतो, मुक्त वेगळा आणि एकूण वेगळा मोजता येतो.

तुमचा हिशोब मांडून दाखवतो. १८० फ्लॅट, साधारण ७०० माणसं, माणशी १३५ लिटर धरले तर दिवसाला ९५ हजार, म्हणजे एक लाख लिटर धरा. लिटरला २ मिलिग्रॅम डोस म्हणजे रोज २०० ग्रॅम क्लोरीन, आणि हायपो खरोखर १० टक्क्याचा असेल तर त्याचे दोन लिटर. "खरोखर" यावर जोर आहे कारण बाजारात १०-१२ टक्के म्हणून मिळणारा हायपो तुमच्या हातात येईपर्यंत किती उरलाय ते कोणी बघत नाही. एप्रिल-मेमध्ये महिनाभर उन्हात ठेवलेला कॅन निम्म्यावर आलेला मी स्वतः तपासलाय. सावलीत ठेवा, पंधरा दिवसांचाच आणा, जुना आधी संपवा. आणि डोसिंग पंप लावा, तो भरणाऱ्या पाण्याच्या मीटरशी जोडा, पाणी आलं की थेंब, पाणी थांबलं की बंद. मगभर ओतण्यात काय होतं, की सकाळी सहाला ओतलेलं सात वाजता वरच्या फ्लॅटला वासासकट जातं आणि रात्री अकराला आलेल्या टँकरला काहीच मिळत नाही. टँकरचं वेगळं करा, १० हजार लिटरच्या टँकरला १० टक्क्याचा २०० मिली हायपो, टाकीत पाणी सोडताना धारेखाली. मग निदान अर्धा तास ते पाणी टाकीत राहिलं पाहिजे, क्लोरीनला वेळ लागतो, टाकलं आणि लगेच वर पंप केलं तर उपयोग नाही.

पीएच पण बघा. क्लोरीन पाण्यात दोन रूपांत असतो, एक जंतू मारणारं जोरदार आणि एक मवाळ. पीएच साडेसातला दोन्ही जवळपास निम्मे-निम्मे, आठला जोरदारवालं जेमतेम पाव उरतं. बोअरचं पाणी आपल्याकडे आठच्या आसपास असतं, म्हणून तिथे मीटरवर ०.२ दिसलं तरी मी समाधानी नसतो, ०.५ ठेवतो.

आणि गढूळपणा! पावसाळ्यात टँकरचं तांबूस पाणी आलं की लोक दुप्पट हायपो ओततात, म्हणजे आग रामेश्वरी बंब सोमेश्वरी. मातीच्या कणाआड जंतू बसलेला असतो, क्लोरीन मातीशी भांडण्यात संपतो. आधी पाणी निवळा आणि फिल्टर करा, गढूळपणा १ एनटीयूच्या (गढूळपणा मोजायचं एकक) आसपास आणा. १९९३ मध्ये अमेरिकेत मिलवॉकीत सुमारे चार लाख लोक आजारी पडले, क्लोरीन चालू होता, पण फिल्टर प्लांटमधून क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जीव निसटला आणि तो क्लोरीनला दाद देत नाही. फिल्टर ढिला पडला की नंतरचा नुसता क्लोरीन सावरत नाही.

गावाकडे विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकणारे पण हे वाचत असतील, त्यांच्यासाठी एक गोष्ट जवळून सांगतो कारण ही मी शेकडो वेळा चुकीची होताना बघितलीय. पावडर थेट विहिरीत भिरकावतात, ती पांढरी होऊन तळाला जाते आणि झालं म्हणून रजिस्टरला सही. असं नाही. विहिरीचा व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, त्याला ७८५ ने गुणायचं की लिटर मिळतात. ६ मीटर व्यास आणि ४ मीटर पाणी म्हणजे १ लाख १३ हजार लिटर. हजार लिटरला ५ ग्रॅमप्रमाणे ५६५ ग्रॅम टीसीएल. ती प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, पिठाच्या गुठळ्या मोडतो तशा काठीने मोडायच्या, मग पाऊण बादली पाणी घालून दहा मिनिटं शांत ठेवायची. खाली चुना बसतो, वर पिवळसर निवळ येते. ती निवळ हलक्या हाताने दुसऱ्या बादलीत घ्यायची, बादली दोराने विहिरीत सोडून पाण्याखाली खालीवर हिसडायची. चुन्याचा गाळ विहिरीत टाकायचा नाही, तो पाणी जड करतो. शक्यतो रात्री करायचं आणि सकाळी उपशाच्या आधी क्लोरोस्कोपने (क्लोरीन मोजायच्या किटने) बघायचं. ताज्या टीसीएलमध्ये क्लोरीन ३३ टक्क्यांच्या आसपास असतो, पोतं फोडून ओलसर खोलीत ठेवलं की उतरत जातो, २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरू नये. पोतं फोडल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात काढून ठेवा, फक्त लोखंडी डबा नको, गंजतो.

आता यूव्ही. मी यूव्हीच्या विरोधात मुळीच नाही, चांगली गोष्ट आहे. २५४ नॅनोमीटरचा प्रकाश जंतूच्या डीएनएवर घाव घालतो, तो मरत नाही लगेच पण त्याची पुढची पिढी होत नाही. क्रिप्टोस्पोरिडियम जो क्लोरीनला बधत नाही तो यूव्हीला अगदी कमी डोसमध्ये शरण येतो, आणि अ‍ॅडिनोव्हायरस जो यूव्हीला चिवट आहे तो क्लोरीनला जातो, म्हणून दोघांची जोडी चांगली. पण तुमच्या कोटेशनमध्ये एक आकडा तपासा. व्हेंडर रोजचे एक लाख लिटर भागिले २४ करून ताशी ४ हजार लिटरचं युनिट लिहितो. तुमचा पंप चोवीस तास चालतो का? तो सहा तासांत सगळं वर चढवतो, म्हणजे ताशी साधारण १७ हजार लिटर. तेवढं पाणी त्या छोट्या नळीतून पळालं तर डोस एक चतुर्थांश होतो आणि हिरवा लाईट मात्र चालूच राहतो. पंपाच्या ताशी प्रवाहाला, दिव्याच्या आयुष्याच्या शेवटी, ४० मिलिज्यूल प्रति चौरस सेंटीमीटर मिळेल असं लिहून मागा. नुसते वॅट लिहून दिले तर घेऊ नका.

दुसरं, बोअरचं जड पाणी. दिव्यावर क्वार्ट्झची नळी असते, तिच्यावर दोन-तीन महिन्यांत पांढरा थर बसतो, पाण्यात लोह असेल तर तांबूस. बाहेर काढून बघितली तर चहाच्या जुन्या भांड्याच्या बुडासारखी दिसते, त्यातून प्रकाश काय जाणार. सायट्रिक अ‍ॅसिडने पुसून परत बसवायची, आणि दिवा ८-९ हजार तासांनी, म्हणजे वर्षाने, पेटत असला तरी बदलायचा, कारण डोळ्याला दिसणारा निळा उजेड राहतो आणि कामाचा अदृश्य प्रकाश उतरलेला असतो. एएमसीत (वार्षिक देखभालीच्या करारात) हे दोन्ही नावासकट लिहून घ्या. मिळालं तर यूव्ही सेन्सरवालं युनिट घ्या, जास्त पैसे गेले तरी.

ओझोन. हा "मॉडर्न" म्हणून विकतात पण फ्रान्समध्ये नीसला १९०६ पासून पिण्याच्या पाण्याला ओझोन देतात, आणि यूव्हीसुद्धा मार्सेला १९१० मध्ये वापरून झालाय, क्लोरीन अमेरिकेत जर्सी सिटीला १९०८. म्हणजे तिघे एकाच वयाचे आहेत, नवीन-जुनं हा मुद्दाच नाही. ओझोन जोरदार आहे, रंग, वास, लोह सगळ्यावर चालतो, मोठ्या शहरांच्या प्लांटला जिथे रोज पाणी तपासणारी माणसं आहेत तिथे उत्तम. सोसायटीत का नको म्हणतो? एक, काही मिनिटांत संपतो, पुढे काही उरत नाही. दोन, पाण्यातल्या सेंद्रिय पदार्थांचे तुकडे करतो आणि ते तुकडे उरलेल्या जंतूंना आयतं खाद्य, म्हणून मोठ्या प्लांटमध्ये ओझोननंतर कार्बनचा जैविक फिल्टर असतो, तुमच्या कोटेशनमध्ये तो असेल असं वाटत नाही. तीन, साध्या हवेवर चालणारं जनरेटर पावसाळ्यात दमट हवा ओढतं आणि ओझोन धड बनतच नाही, ड्रायर किंवा ऑक्सिजन लागतो. चार, न विरघळलेला ओझोन त्या बंद पंप रूममध्ये साठतो आणि तिथे तुमचा वॉचमन झोपतो. फुफ्फुसाला वाईट आहे तो. पाच, पाण्यात ब्रोमाइड असेल तर ब्रोमेट हे घातक संयुग तयार होतं, समुद्राजवळच्या बोअरला हे खास बघावं लागतं. म्हणजे "केमिकल फ्री" हा शब्दच चुकीचा आहे, ओझोन स्वतः केमिकलच आहे.

क्लोरीनच्या उपपदार्थांची भीती दाखवतील, ती अगदीच खोटी नाही. १९७४ मध्ये रॉटरडॅमच्या योहानेस रूक यांनी दाखवलं की नदीच्या पाण्यातल्या सेंद्रिय पदार्थांशी क्लोरीन मिळून क्लोरोफॉर्मसारखी संयुगं बनतात. पण उपाय तोच, आधी पाणी स्वच्छ करा म्हणजे क्लोरीन कमी लागेल. क्लोरीन काढून टाकला तर कॉलरा आणि कावीळ दारात उभी आहे. २०१२ मध्ये इचलकरंजीला काविळीची जी साथ आली ती आपल्या भागातले लोक विसरले नसतील.

क्लोरीन डायऑक्साइडबद्दल एवढंच, की पाईपातल्या बुळबुळीत थरावर आणि हॉस्पिटलच्या गरम पाण्याच्या लाईनला चांगला, अमोनियाशी भांडत नाही, पण जागेवर बनवावा लागतो आणि त्यातून बनणारं क्लोराइट मोजत राहावं लागतं, तुमच्यासाठी जास्तीचा व्याप.

आता एसटीपी. फ्लशला वास येतो म्हणून हायपो वाढवला असं तुम्ही लिहिलंय. त्याने काही होणार नाही. वास सडक्या अंड्यासारखा असेल तर पाण्यात ऑक्सिजन नाही, म्हणजे ब्लोअर (टाकीत हवा सोडणारं यंत्र) कमी चाललाय, लाईट बिल वाचवायला रात्री बंद ठेवतात हे मी दर चार प्लांटमागे एकात बघतो. हवा कमी पडली की अमोनियाचं नायट्रेट होत नाही, आणि पाण्यात लिटरला १० मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन उरला तर त्याच्यापलीकडे जाऊन मुक्त क्लोरीन दिसायला ८० ते १०० मिलिग्रॅम क्लोरीन घालावा लागतो. एवढा कोणी घालत नाही आणि घालूही नये. म्हणजे तुम्ही ओतताय तो सगळा हायपो अमोनियाच्या घशात जातोय. आधी ब्लोअर चोवीस तास, डिफ्युझर (टाकीच्या तळाशी हवेचे बुडबुडे सोडणारे भाग) फाटलेत का ते बघा, एरेशन टाकीत विरघळलेला ऑक्सिजन २ मिलिग्रॅमच्या आसपास आणा, जादा स्लज (गाळ) नेमाने काढा. दोन-तीन आठवड्यांत वास बसेल.

मग सँड फिल्टर, मग यूव्ही, आणि शेवटी थोडा हायपो. सांडपाण्याला यूव्ही खरंच शोभतो कारण अमोनियाशी त्याचं देणंघेणं नाही, फक्त पाण्यात लटकते कण लिटरला १० मिलिग्रॅमच्या आत हवेत आणि युनिट सांडपाण्यासाठीचंच घ्या, पिण्याच्या पाण्याचं युनिट इथे चालत नाही, हे पाणी प्रकाश बराच गिळतं. कच्च्या सांडपाण्यात १०० मिलीत फीकल कॉलिफॉर्म (विष्ठेतले जंतू) लाखांत-कोटींत असतात. २०१७ च्या केंद्राच्या अधिसूचनेत ते १००० च्या आत आणायचेत, २०१९ मध्ये हरित लवादाने २३० पर्यंत खाली आणायला सांगितलं. हे नुसत्या हायपोच्या कॅनने होत नाही. यूव्हीनंतरची टाकी झाकलेली ठेवा, उघड्या उजेडात काही जंतू स्वतःची दुरुस्ती करून परत उभे राहतात. आणि बागेला हे पाणी स्प्रिंकलरने मारू नका, ते तुषार मुलं श्वासातून घेतात, ठिबक टाका.

अजून एक जे तुम्ही विचारलं नाही पण बोलायलाच हवं. घरात आरओ आहे म्हणून निर्धास्त राहू नका. आरओमधला कार्बन क्लोरीन काढून टाकतो, मग ते पाणी आठ लिटरच्या टाकीत बिनपहाऱ्याचं पडून राहतं, टाकी महिन्याला धुतली नाही तर त्यातच जंतू वाढतात. लग्नात आणि ऑफिसात येणारे थंड पाण्याचे जार तर त्याहून वाईट, थंड आहे म्हणून चव कळत नाही एवढंच. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोड, नांदेड, किरकटवाडी भागात जीबीएसचे (गुलेन बॅरी सिंड्रोम, मज्जातंतूंचा आजार) रुग्ण निघाले, काहींच्या नमुन्यात कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला, आणि त्या काळात खासगी आरओ प्लांटच्या पाण्यातही जंतू निघाले. कॅम्पिलोबॅक्टर हा क्लोरीनला सगळ्यात आधी मरणाऱ्यांपैकी आहे. नळाला ०.५ असता तर तो टिकला नसता. याचं मला अजून वाईट वाटतं.

सुरक्षेचं. हायपोचा कॅन आणि टॉयलेट साफ करायचं अ‍ॅसिड एका कपाटात ठेवू नका, दोन्ही मिसळले की क्लोरीन गॅस सुटतो. माझ्याबरोबरचा एक पोरगा यूव्हीची नळी धुवून ते अ‍ॅसिडचं पाणी त्याच बादलीत ओतायला गेला जिच्यात हायपो होता, दोन दिवस अ‍ॅडमिट होता, वाचला. शिवडीला २०१० मध्ये गंजलेल्या सिलिंडरमधून क्लोरीन गळून शंभराच्या आसपास लोक हॉस्पिटलात गेले होते, म्हणून सोसायटीत कोणी गॅस सिलिंडरचा क्लोरिनेटर सुचवला तर सरळ नाही म्हणा, हायपो बरा.

तर या आठवड्यात एवढं करा. डीपीडी किट आणा, सकाळी सहाला आणि रात्री दहाला, खालची टाकी, गच्चीवरची टाकी आणि प्रत्येक बिल्डिंगचा सगळ्यात लांबचा एक नळ, असे सात दिवस आकडे वहीत लिहा, शेजारी त्या दिवशी किती टँकर आले ते. बोअरचा पीएच, जडपणा आणि लोह एकदा लॅबमधून करून घ्या. एसटीपीच्या बाहेर पडणाऱ्या पाण्याचा अमोनिया आणि ब्लोअरचे रोजचे तास लिहा. आणि पंपाच्या पाटीचा फोटो काढून ठेवा. हे सगळं हातात आल्यावर यूव्हीवाल्याला ताशी १७ हजार लिटरचं सुधारित कोटेशन मागा, तोपर्यंत ॲडव्हान्स देऊ नका.